ल्युसर्न सरोवरात बोटीने एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

स्वित्झर्लंडच्या सहलीत ल्युसर्न हे गाव बहुतेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला येते, परंतु तेथे मिळणारा वेळ अनेकदा दीड-दोन तासांपलीकडे जात नाही. जुना लाकडी पूल, खडकात कोरलेला मरणासन्न सिंह आणि घड्याळांची दुकाने पाहून मंडळी पुन्हा बसमध्ये बसतात, आणि ज्या सरोवराच्या काठावर हे गाव वसले आहे ते पुलावरून दिसले तेवढेच पदरात पडते. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण संपूर्ण प्रवासातला सर्वांत निवांत आणि वयस्कर माणसांनाही सहज झेपणारा दिवस याच सरोवरात, बोटीच्या डेकवर बसून घालवता येतो. कोणत्याही मार्गदर्शकाशिवाय, आपला आपण, हा दिवस कसा आखावा ते येथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. या सरोवरातल्या बोटी आपल्या एसटीसारख्या वेळापत्रकाने धावतात. त्या गावोगावच्या धक्क्यांवर थांबतात, माणसे, सायकली, बाबागाड्या उतरवतात आणि चढवतात, आणि एक-दोन मिनिटांत पुढे निघतात. आपल्या तिकिटात बसत असेल तर मधल्या कोणत्याही धक्क्यावर उतरावे, तास-दोन तास फिरावे आणि मागून येणारी बोट धरावी. ज्याला वेळापत्रक वाचता आले त्याला हे सरोवर मोकळे झाले, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

कोणती फेरी निवडावी

या सरोवराचे जर्मन नाव फियरवाल्डश्टेटरझे, म्हणजे चार वनप्रांतांचे सरोवर. उरी, श्वित्स, उन्टरवाल्डन आणि ल्युसर्न हे ते चार प्रांत. पाण्याचा विस्तार सुमारे ११४ चौरस किलोमीटर आहे, पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ४३४ मीटर उंचीवर आहे आणि सर्वांत खोल जागी तळ २१४ मीटरांवर लागतो. मात्र या आकड्यांपेक्षा त्याचा आकार समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. डोंगरांमधून वाट काढत ते इतके वाकडेतिकडे पसरले आहे की काठावरच्या कोणत्याही एका गावातून ते पूर्ण दिसत नाही. ल्युसर्नच्या बाजूला काठ सखल असून बंगल्यांचा आणि बागांचा आहे, मध्यभागी दोन डोंगर एकमेकांच्या इतके जवळ येतात की पुढचा रस्ता संपला असे वाटावे, आणि ब्रुनेन या गावापाशी सरोवर काटकोनात दक्षिणेला वळते. वळणापलीकडच्या भागाला उरीचे सरोवर म्हणतात. तेथे उंच कडे थेट पाण्यात उतरलेले आहेत, आणि या सरोवराचे खरे वैभव तेथेच आहे.

धक्क्यावर गेल्यावर तासाभराच्या वर्तुळ फेरीचे फलक दिसतात आणि घाईतल्या प्रवाशाला तेच सोयीचे वाटते. ती फेरी वाईट नाही, पण ती ल्युसर्नच्या आसपास फिरून परत येते आणि वळणापलीकडे काय आहे याचा पत्ताही लागत नाही. हाताशी पूर्ण दिवस असेल तर ल्युसर्न ते फ्ल्युएलेन असा सरोवराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास करावा. त्याला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. जाताना बोट आणि परतताना आगगाडी अशी विभागणी केली तर कंटाळा येत नाही आणि संध्याकाळही हातात राहते.

तिकिटाची व्यवस्था

ज्यांच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास आहे त्यांनी वेगळे तिकीट काढू नये, कारण या सरोवरातल्या नियमित बोटी त्या पासमध्ये धरलेल्या आहेत. भारतातून जाणाऱ्या अनेकांच्या हातात हा पास असतो आणि तरीही ते खिडकीवर रांग लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्याच्याबरोबर स्विस फॅमिली कार्ड मागून घेतल्यास सहा वर्षांपासून सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंतची मुले आईवडिलांसोबत विनामूल्य प्रवास करतात. ज्यांचा मुक्काम मध्य स्वित्झर्लंडमध्येच आहे आणि ज्यांना टिटलिस, पिलाटुस, रिगी हे डोंगरही करायचे आहेत, त्यांनी टेल पास या प्रादेशिक पासचा हिशेब करून पाहावा. तो दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंतचा मिळतो आणि त्यातही या बोटी येतात. पास नसेल तर एकेरी किंवा दिवसभराचे तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळते.

बोटीवर दोन वर्ग असतात. वरचा मजला पहिल्या वर्गाचा आणि खालचा दुसऱ्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन वर जाऊन बसल्यास तपासनीस फरकाची रक्कम मागतो, आणि ते रास्तच आहे. पूर्ण प्रवासात एखादी चैन करायचीच असेल तर या तीन तासांसाठी फरक भरून वरच्या डेकवर बसावे, असा माझा सल्ला राहील. परंतु खालच्या मजल्यावरही उघडी जागा असते आणि ती पाण्याच्या अधिक जवळ असते, त्यामुळे फरक न भरणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही.

दिवस आणि हवा

उन्हाळी वेळापत्रकात, म्हणजे साधारण मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, बोटी सर्वाधिक असतात. हिवाळ्यात फेऱ्या बऱ्याच कमी होतात. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे अंधार पडण्याची धास्ती बाळगायला नको.

आदल्या रात्री रिगी आणि पिलाटुस या डोंगरांवरच्या कॅमेऱ्यांची दृश्ये फोनवर पाहावीत आणि स्विस हवामान खात्याचा अंदाज वाचावा. थोडे ढग असले तरी दिवस रद्द करू नये. कड्यांच्या कमरेला धुके गुंडाळलेले असते तेव्हाचे उरीचे सरोवर निळ्या आकाशाखालच्या सरोवराहून मला अधिक आवडते. सावध राहायचे ते फ्योन नावाच्या वाऱ्यापासून. आल्प्सच्या दक्षिणेकडून चढलेली हवा आपले बाष्प पलीकडेच टाकून येते, उत्तरेकडे उतरताना तापते आणि कोरडी होते, आणि रॉयस नदीच्या खोऱ्यातून थेट उरीच्या सरोवरावर कोसळते. अशा दिवशी हवा इतकी स्वच्छ असते की डोंगर हात लावण्याइतके जवळ वाटतात, आणि नवख्या माणसाला हाच उत्तम दिवस असे वाटते. प्रत्यक्षात पाण्यावर मोठ्या लाटा उसळलेल्या असतात. काठावर नारिंगी दिवे लुकलुकताना दिसले तर त्यांचा अर्थ ठरलेला आहे. मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकणारा दिवा जोराच्या वाऱ्याचा इशारा देतो आणि नव्वद वेळा लुकलुकणारा वादळाचा. हे दिवे मुख्यतः लहान होड्यांसाठी असले तरी, ज्यांना बोट लागते त्यांनी ते पाहून त्या दिवशी आगगाडीने जाणे पसंत करावे.

सकाळी धक्क्यावर

ल्युसर्नचे रेल्वे स्थानक आणि बोटींचा मुख्य धक्का समोरासमोर आहेत. मध्ये फक्त रस्ता ओलांडावा लागतो. झ्युरिकहून गाडीने पाऊण तास ते पन्नास मिनिटे लागतात आणि एंगेलबर्गहूनही साधारण तेवढाच वेळ. इंटरलाकेनला मुक्काम असेल तर ब्र्युनिग खिंडीतून येणाऱ्या गाडीला पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो, म्हणून त्या मंडळींनी लवकर निघावे. सोबत मोठ्या बॅगा असतील तर त्या स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून हात मोकळे करावेत.

बोटींच्या वेळा स्विस रेल्वेच्याच ॲपमध्ये मिळतात. निघण्याचे ठिकाण ल्युसर्न आणि पोहोचण्याचे फ्ल्युएलेन असे टाकल्यास ॲप आधी आगगाड्याच दाखवते, कारण त्या झटपट पोहोचतात. म्हणून वाहनाच्या निवडीत फक्त बोट ठेवावी. एकाच धक्क्याच्या वेगवेगळ्या क्रमांकांवरून जवळपास एकाच वेळी दोन-तीन बोटी सुटतात, आणि त्यांतली एखादी अगदी उलट दिशेला, पिलाटुसच्या पायथ्याशी आल्पनाखश्टाडला जाणारी असते. फलकावर अंतिम थांबा आणि धक्क्याचा क्रमांक दोन्ही वाचून मगच फळीवर पाय ठेवावा. सुटण्यापूर्वी वीस मिनिटे आधी पोहोचले की मनाजोगी जागा मिळते. येथे वेळ म्हणजे वेळ. दोर सुटला की मागून धावत येणाऱ्यासाठी बोट थांबत नाही.

स्वेटर किंवा वाऱ्याला अडवणारे जाकीट भर जुलैतही जवळ ठेवावे. डेकवर बसल्यावर ऊन चटकते आणि वारा मात्र गारठवतो.

वाटेत काय आणि कोणत्या बाजूला

बोट ल्युसर्नहून निघाली की मागे गावाचे मनोरे आणि पिलाटुस यांचे चित्र हळूहळू लहान होत जाते, म्हणून पहिला अर्धा तास मागच्या कठड्याशी उभे राहणे उत्तम. त्यानंतर पुढे यावे. डाव्या हाताला रिगीचा डोंगर येतो, त्याच्या पायथ्याशी वेग्गिस आणि फित्सनाऊ ही गावे लागतात. उजव्या हाताला ब्युर्गेनश्टॉकचा कडा आहे. त्या कड्याच्या उभ्या अंगाला चिकटलेली एक लोखंडी जाळीची बारीक रेघ दिसते. ती हामेटश्वांडची लिफ्ट असून १९०५ पासून माणसांना १५३ मीटर वर नेते आहे.

फित्सनाऊनंतर दोन्ही डोंगरांची नाके समोरासमोर येतात, बोट त्या चिंचोळ्या जागेतून आत शिरते आणि एकाएकी नवे सरोवर उघडते. डावीकडचे गेर्साऊ हे लहानसे गाव पाहताना, ते काही शतके स्वतंत्र प्रजासत्ताक होते हे आठवावे. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या खेड्याएवढ्या वस्तीने स्वतःचा कारभार स्वतः चालवला होता.

ब्रुनेननंतर बोट उजवीकडे वळते, आणि ज्यासाठी एवढे आलो तो भाग सुरू होतो. गप्पा थांबवून, शक्य असेल तर फोनही खिशात ठेवून, ही पंधरा-वीस मिनिटे फक्त पाहावे. पाण्याचा रंग गडद होतो, दोन्हीकडून कडे जवळ येतात आणि समोर दक्षिणेला ब्रिस्टेन हे ३०७३ मीटर उंचीचे त्रिकोणी शिखर उभे राहते. उजवीकडे पाण्यातून उभ्या राहिलेल्या एका नैसर्गिक सुळक्यावर सोनेरी अक्षरे दिसतात. विल्हेल्म टेल या स्विस दंतकथेतल्या वीरावर नाटक लिहिणाऱ्या शिलर या जर्मन कवीला या प्रांतांनी वाहिलेली ती कृतज्ञता आहे. डावीकडे आक्सनचा कडा आहे आणि त्याच्या पोटात कोरलेला, १८६५ साली झालेला रस्ता पाण्यावरून स्पष्ट दिसतो. त्याच बाजूला पुढे टेलचे देऊळवजा छोटे प्रार्थनाघर अगदी काठावर आहे. गेस्लर या जुलमी अधिकाऱ्याच्या नावेतून टेलने वादळात याच खडकावर उडी मारली, अशी दंतकथा आहे. फ्योन वाऱ्यातले हे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला तिच्यातले वादळ तरी खोटे वाटत नाही.

आगबोट मिळाली तर सोडू नये

या सरोवरात वाफेच्या इंजिनावर आणि बाजूच्या मोठ्या चाकांवर चालणाऱ्या पाच जुन्या बोटी आहेत: उरी (१९०१), उन्टरवाल्डन (१९०२), शिलर (१९०६), गालिया (१९१३) आणि श्टाट लुत्सेर्न (१९२८). आगबोट हा शब्द आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्या पिढीबरोबर मागे पडला, पण येथे तो जिवंत वस्तूला लावता येतो. वेळापत्रकात अशा फेऱ्यांवर वेगळे चिन्ह असते. शक्य असल्यास तिच्याच वेळेनुसार दिवस बेतावा.

बोटीच्या मध्यभागी डेकला मोठी उघडी चौकट ठेवलेली असते आणि कठड्यावर ओणवून खालचे संपूर्ण इंजिन पाहता येते. माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना घेऊन गेलो तेव्हा बाहेरचे डोंगर सोडून ते त्या चौकटीपाशी जे उभे राहिले ते वेग्गिस येईपर्यंत हलले नाहीत. मांडीएवढे जाड, आरशासारखे घासलेले पोलादी दांडे संथपणे पुढे-मागे होत होते, पितळी तेलवाट्या चमकत होत्या, गरम तेलाचा ओळखीचा वास वर येत होता, आणि खालचा माणूस दर थोड्या वेळाने फिरत्या भागाला हाताच्या पाठीने स्पर्श करून तो तापला आहे का ते पाहत होता. "आम्ही पण असंच बघायचो," एवढेच वडील म्हणाले. त्या माणसाने वर पाहिले तेव्हा दोघांनी एकमेकांना मान डोलावली. घरातल्या कुणी यंत्रांवर आयुष्य काढले असेल तर त्यांना या बोटीवर अवश्य न्यावे.

उतरायचे कुठे

सगळीकडे उतरण्याचा मोह टाळावा. दिवसात एक, फार तर दोन थांबे पुरेत.

माझी पहिली पसंती र्युटलीला आहे. धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांची चढण चढली की एक उतरते गवताळ कुरण लागते, आणि त्यावर एक ध्वजस्तंभ. उरी, श्वित्स आणि उन्टरवाल्डनच्या माणसांनी येथे एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. स्विस राष्ट्राचा आरंभ ज्या सनदेपासून मोजतात ती १२९१ च्या ऑगस्टच्या आरंभाची आहे. पुतळा नाही, मंडप नाही, म्हणून काही जणांना येथे निराशा वाटते. परंतु २५ जुलै १९४० रोजी, फ्रान्स कोसळल्यानंतर आणि देश चहूबाजूंनी वेढला गेल्यानंतर, स्विस सरसेनापती आंरी गिझां यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना याच कुरणावर बोलावून प्रतिकाराचा निर्धार सांगितला, आणि ते अधिकारी श्टाट लुत्सेर्न याच बोटीने येथे आले होते. हे माहीत असले की त्या साध्या गवतावर थोडा वेळ बसावेसे वाटते.

र्युटलीला मोटाररस्ता येत नाही, त्यामुळे उतरतानाच परतीच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावरून टिपून घ्यावी. स्विस वेळापत्रकात क्रॉसचे चिन्ह रविवार आणि सुट्टी दर्शवते, तर हातोड्यांची जोडी कामाचे दिवस. पहिल्या भेटीत मी हे चिन्ह वाचले नाही, केवळ रविवारी असलेल्या फेरीची मंगळवारी वाट पाहिली, आणि पुढची बोट येईपर्यंत सोबतच्या लहान मुलाला भुकेले बसावे लागले. शेवटची बोट चुकली तर वरच्या झेलिसबर्ग गावापर्यंतची दमवणारी चढण चढून वर जावे लागते, आणि वयस्कर मंडळींना ती झेपणारी नाही.

पायी चालण्याची आवड असलेल्यांनी टेलच्या प्रार्थनाघराजवळच्या टेल्सप्लाटे धक्क्यावर उतरून फ्ल्युएलेनपर्यंत काठाने चालत जावे. ही वाट र्युटलीपासून ब्रुनेनपर्यंत उरीच्या सरोवराला वळसा घालणाऱ्या ३५ किलोमीटरच्या पायवाटेचा भाग आहे. देशाची ७०० वर्षे साजरी करताना, १९९१ साली ती आखली गेली, तेव्हा प्रत्येक नागरिकाच्या वाट्याला पाच मिलिमीटर असा हिशेब धरला होता.

ज्यांना उंचावर जायचे आहे आणि पूर्ण सरोवर नको आहे, त्यांच्यासाठी वेगळी आखणी आहे. फित्सनाऊला उतरावे आणि समोरच उभी असलेली दातेरी रुळांची गाडी धरून १७९८ मीटरवरच्या रिगी कुल्मला जावे. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे आहे आणि स्विस ट्रॅव्हल पासवर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

खाणे आणि पाणी

बोटीवर उपाहारगृह असते, पण स्वस्त नसते. मांडलेल्या टेबलांवर स्वतःचा डबा उघडू नये. ते ग्राहकांसाठी राखलेले असतात. शाकाहारी मंडळींनी "फेगेटारिश" हा शब्द वापरावा आणि सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे स्पष्ट विचारावे, कारण वर मांस दिसत नाही म्हणजे आत नाही असे तेथे गृहीत धरता येत नाही. मी स्वतः ल्युसर्न स्थानकातल्या दुकानातून पाव, चीज आणि फळे घेतो आणि ब्रुनेनच्या काठावरच्या बाकावर बसून खातो. रविवारी गावातली बहुतेक दुकाने बंद असतात, मात्र स्थानकातली उघडी असतात. बाटली रस्त्यावरच्या कारंज्यावर निर्धास्त भरावी. जेथे पाणी पिण्याजोगे नसते तेथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असते, म्हणून तेवढे दोन शब्द रोमन अक्षरांत ओळखता यायला हवेत.

परत येताना

फ्ल्युएलेनला धक्का आणि रेल्वे स्थानक एकमेकांना लागून आहेत. वेळ उरला असेल तर बसने आल्टडोर्फला जाऊन चौकातला टेलचा १८९५ सालचा पुतळा, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला, पाहून यावा. ल्युसर्नची गाडी सुमारे तासाभरात पोहोचवते आणि काही वेळा आर्थ-गोल्डाऊला बदलावी लागते. तेथे बदलायला फार वेळ नसतो, म्हणून फलाटाचा क्रमांक गाडीतच ॲपवर पाहून ठेवावा. फ्ल्युएलेनला गाडीत चढताना डाव्या बाजूच्या खिडकीची जागा धरावी. ब्रुनेनपर्यंत बोगद्यांमागून बोगदे आहेत आणि दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत सरोवर क्षणभर उजळून दिसते. कधीकधी त्यावर, आपण सकाळी ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, एखादी पांढरी बोट अजून चाललेली असते.